फ्रेमला बांधलेला दोरा

१

महालक्ष्म्या उठवायच्या दिवशी मी एकदा हर्षासाठी दोरा घेतला होता. तिच्यासाठी म्हणजे तिच्या सायकलसाठी. त्या व्रताबद्दल बाया मला अजून विचारतात, म्हणून लिहिते.

आम्ही मूळचे आमगावकडचे. सासरे स्टील प्लांटमध्ये लागले, शेत तिकडेच राहिलं, पण सणवार मागोमाग भिलाईत आले. महालक्ष्म्यांच्या शेवटच्या दिवशी आमच्यात हळदीत भिजवलेला सुताचा दोरा घेतात. त्याला गाठी मारायच्या, दर गाठीला मनातलं मागणं म्हणायचं आणि तो मनगटावर बांधायचा. नवं धान घरात आलं की सोडायचा. साधं व्रत आहे. खर्च नाही, उपास नाही.

हर्षा माझी एकुलती एक. तिचा डावा पाय जन्मापासून बोटभर आखूड. चालताना कळायचं, सायकलवर कळायचं नाही. शाळेत तिला काय काय नावं ठेवली ते इथे लिहीत नाही. नावं ठेवणाऱ्या पोरींना तिने सिव्हिक सेंटरच्या रस्त्यावर मागे टाकलं, एवढं लिहिते.

रेसची सायकल तिने दुकानातून आणली नाही, घरी बांधली. सेक्टर १० मधल्या आमच्या क्वार्टरला मागे जाळीचा व्हरांडा आहे. आधी तिथे माझ्या वड्या-पापडांची बाज असायची. मग एक दिवस पोलादाची लाल फ्रेम आली, आणि बाज गच्चीवर गेली. पुढे कुणी खेळ सोडलेल्या मुलाचं हँडल आलं, रायपूरहून चाकं आली, कुठून गिअर आले. जसं मिळेल तसं. एकदम नवी सायकल घेण्यासारखे आम्ही नव्हतो. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावायची तेव्हा ती चाकाच्या तारा ताणत बसलेली असायची. प्रत्येक तार नखाने वाजवून बघायची, तानपुरा लावतात तशी. मी दिव्याला नमस्कार करून तिच्याकडे बघायची. दोन्ही मला सारखंच वाटायचं.

हर्षाचे बाबा, शालिकराम, प्लांटच्या रेल मिलमध्ये. ते दाराला टेकून म्हणायचे, "लोकायच्या पोरी सायकल विकत घेते. आमची पोरगी सायकल जन्माले घालून राहिली."

"बाबा, तुम्ही पाना धरा नाहीतर हटा तिथून. उजेड अडवून राहिले."

पण शेवटी घोडं अडलं ते गिअरपाशी. हँडलवरचा गिअर बदलायचा खटका एका कंपनीचा होता, आणि मागे चेन सरकवणारा डिरेलर दुसऱ्या कंपनीचा. खटका दाबला की चेन पुढच्या दातेरी चकतीवर जायच्या ऐवजी मध्येच लटकायची.

"खटका तार ओढते, पण ह्याले पायजे तितकी नाही ओढत," हर्षाने मला समजावलं. "दोघायचे मापं अलग हायेत, आई."

"म्हणजे पत्रिका नाही जुळत."

"हव. अन् लग्न तर लागून गेलं."

दिवाळीनंतर अहिवाऱ्याच्या रस्त्यावर राज्याच्या संघाची निवड होणार होती. तिच्या वयाच्या गटात तिचं ते शेवटचं वर्ष. त्यात झालं नाही तर पुढे मोठ्यांच्या गटात तिला कोण विचारणार होतं? ती हे बोलली नाही. फक्त रोज दुपारी सराव करून आली की चेनकडे बघत उभी राहायची.

म्हणून मी दोरा घेतला. दर गाठीला म्हटलं, "आई, हिच्या सायकलचं सगळं एकमेकाशी जुळू दे. काही म्हणजे काही वेगळं राहू देऊ नको." दोरा लांब झाला होता. मी तो मधून कापला. अर्धा हर्षाच्या मनगटावर बांधला, अर्धा सायकलच्या फ्रेमला, सीटच्या खाली. इथे प्लांटच्या गावात यंत्राला दोरा बांधलेला बघून कुणी वळूनही बघत नाही. विश्वकर्मापूजेला हे स्वतः क्रेनला लाल दोरा बांधून येतात.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे भिजवत होते. मागून खट्, खट्, खट् असा आवाज आला. स्वच्छ, एकामागून एक. मग परत उलटा.

"आई, इकडे ये. तू गिअरले हात लावला काय?"

"मी कायले हात लावू? दोरा बांधला तितकाच."

तिने मागचं चाक उचलून धरलं होतं आणि हाताने पेडल फिरवत होती. खटका दाबला की चेन उडी मारून पुढच्या चकतीवर बसत होती. एकदाही लटकली नाही. हर्षा हसली नाही. तिने सायकल उलटी ठेवली, तार मोजली, परत मोजली.

"हे जुळाले नाही पायजे होतं," ती म्हणाली.

"जुळलं ना पण? मग नाट कावून लावतं?"

माझ्या मनात काय झालं ते सांगता येणार नाही. देवीने माझ्यासारख्या बाईचं ऐकलं, तेही डिरेलरसारख्या गोष्टीत. मी देवापुढे गूळ ठेवला.

त्याच आठवड्यात आम्ही दुर्गला गेलो. मला जुन्या बाजारातून वाती आणि कुंकू घ्यायचं होतं, आणि हर्षाला ती सायकल भूपेंद्रला दाखवायची होती. भूपेंद्रचं पार्ट्सचं दुकान आहे. खेळणारी सगळी मुलं त्याच्याकडे जातात. त्याने सायकल स्टँडवर चढवली, सगळे गिअर चढवले, उतरवले. मग चष्मा पुसला आणि परत चढवले.

"बेटा, ये तो होना ही नहीं चाहिए."

"हो रहा है ना, भैया."

"वही तो बोल रहा हूँ." तो सीटखालची फ्रेम पकडून वाकून बघत होता. एकदम त्याने हात काढला आणि पँटला पुसला. "धूप में खड़ी थी क्या? गरम है."

सायकल सावलीत होती. आम्ही येऊन बराच वेळ झाला होता. मला वाटलं, माणूस चकित झाला की काहीही बोलतो. लोखंड तापतं, निवतं, त्यात काय.

"चल रही है तो चलाओ," तो म्हणाला. "पर मेरे पास मत लाना अब. मैं हाथ लगाऊँगा, बिगड़ जाएगी."

मी अभिमानाने सगळ्या दुकानाकडे बघितलं. परत येताना पेढे घेतले.

३

त्यानंतर हर्षाचा हात धजावला. जे जे अडून होतं ते सगळं तिने काढलं.

पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, फिरते त्या जागी फ्रेममध्ये बेअरिंगच्या वाट्या बसवतात. आमच्या फ्रेमचे आटे इटलीच्या मापाचे, मिळालेल्या वाट्या इंग्लंडच्या मापाच्या, थोड्या लहान. त्या आतमध्ये सैल फिरतात, म्हणून डब्यात पडून होत्या. हर्षाने त्या नुसत्या हाताने फिरवल्या आणि त्या घट्ट बसल्या. ह्यांनी ड्युटीवरून आल्यावर मोठ्या पान्याने ओढून बघितलं. वाटी हलली नाही.

"लोखंड असं आकसत नाही," ते म्हणाले. आयुष्य त्यांचं पोलादात गेलेलं. मग स्वतःच म्हणाले, "थंडीनं आकसलं असंल." तेव्हा आश्विनाचं ऊन होतं. व्हरांड्यात अनवाणी उभं राहवत नव्हतं.

मग नवी चाकं आली, मागचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, मोठ्या आवाजाचं. सायकल न जाणणाऱ्यांसाठी सांगते. चाक चालू आहे आणि पाय थांबले की हबच्या आत बारीक दात एकमेकांवरून सरकतात, टकटकटक असा आवाज होतो. पाय मारले की आवाज बंद. हर्षा दुपारी गल्लीच्या वळणावर पाय थांबवून यायची. तो टकटकाट ऐकला की मी चहाचं आधण ठेवायची. तेव्हा माझ्या दिवसातला सगळ्यात गोड आवाज तो होता.

चाकं बदलली, क्रँक बदलली, सीटचा दांडा बदलला. एकही वस्तू दुसरीच्या घराण्याची नव्हती आणि एकही अडली नाही. ती सायकल उभी असली तरी अशी दिसायची की कुणी ओतून काढली आहे. कुठे सांधा म्हणून दिसेना. मी तिला रोज हळद-कुंकू लावायची. शेजारपाजारच्या मुली बघायला यायच्या, आणि मी त्यांना डिरेलर म्हणजे काय ते सांगायची. मला सांगता येत होतं.

एक दिवस हर्षा बुटाच्या तळाला स्क्रू फिरवत बसली होती. डाव्या बुटाखाली तिची एक जाड पट्टी असायची, पाय आखूड म्हणून. ती तिने काढून बाजूला ठेवली.

"हे कावून काढलं?"

"टोचून राहिली आई. कमरेत दुखते."

"आजवर नाही दुखलं ते?"

ती उठली आणि स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. मी चालणं बघितलं. मग तिला दाराच्या चौकटीला उभं केलं, ह्यांना बोलावलं. ह्यांनी कमरेवर पट्टी आडवी ठेवली, पाण्याची लेव्हल वर ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"आता अन्?" हे म्हणाले. "या वयात हाडं वाढते काय?"

"व्यायाम करते ना ती," मी म्हटलं.

मी देवापाशी जाऊन रडले, आनंदाने. जन्माला आली तेव्हापासून जे मागायचं धाडस नव्हतं ते न मागता मिळालं होतं. मी म्हटलं होतं, सगळं जुळू दे. माझ्या शब्दांत पोरगीही आली होती, एवढंच.

हर्षा मात्र अंगणात उभी राहून आपल्या दोन्ही पायांकडे बघत होती, दुसऱ्याच्या चपला घालून आल्यासारखी.

४

दिवाळी तोंडावर होती. दुपार होती, हे ड्युटीवर. हर्षा सराव करून येऊन, जेवून आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी बाहेरच्या खोलीत चकलीची भाजणी चाळत होते.

टकटकटकटक.

मी सवयीने उठले आणि आधण ठेवलं. गॅस पेटवताना लक्षात आलं की हर्षा तर घरातच आहे.

मी गॅस बंद केला. आवाज येतच होता. दूरचा नाही, घरातला. मी व्हरांड्यात गेले. सायकल हुकला टांगलेली होती. मागचं चाक तिने तेल द्यायला काढून भिंतीला टेकवलं होतं. मी चाकावर हात ठेवला. थंडगार, स्तब्ध. आणि आवाज माझ्या पाठीमागून, घरातून येत होता.

घड्याळ असेल, म्हटलं. आमच्या घड्याळाचा काटा घसरतो, तो असा वाजत नाही. पंखा असेल. पंख्याखाली जाऊन उभी राहिले. पंखा नेहमीसारखा घरघरत होता. पाल असेल म्हणून भिंतीला काठी आपटली. मी भोळी आहे, पण वेडी नाही. एकेक गोष्ट तपासत गेले. एकेक खोली कमी होत गेली, आणि शेवटी आतली खोली राहिली.

हर्षा उताणी झोपली होती. हात पोटावर, मनगटावर माझा पिवळा दोरा. अंग अगदी निवांत. मी पलंगाच्या कडेला बसले, वाकले. आवाज तिच्यातून येत होता. छातीतून म्हणावं तर छातीतून नाही, गुडघ्यातून म्हणावं तर तिथेही नाही. सगळीकडून सारखा. टकटकटकटक, पाय थांबवून उतारावर सुटलेल्या चाकासारखा.

मी देवीचं नाव घेत होते. भीती वाटली असं लिहिलं तर खोटं होईल, तेव्हा अजून वाटली नव्हती. आईला पोरीच्या अंगातला कुठलाही आवाज आधी आजारच वाटतो. मी कपाळाला हात लावला, ताप नव्हता. श्वास चालू होता.

मग आवाज सावकाश झाला.

टक टक टक. टक, टक. मधली जागा वाढत चालली. तुम्ही कधी सायकल उलटी ठेवून चाक फिरवून सोडलं असेल तर ती जागा कशी वाढते ते तुम्हाला माहीत असेल. आपण शेवटच्या टकची वाट बघतो, आणि आणखी एक येते, आणि मग येत नाही. मी बघत होते की आवाज सावकाश होतो आहे आणि तिच्या गळ्याखालची शीरही त्याच हिशेबाने सावकाश उडते आहे.

टक.

टक.

मी तिचा पाय धरला आणि हलवला. नुसता हलवला नाही, गुडघ्यातून फिरवला, पेडल मारल्यासारखा. का ते मला ठाऊक नाही. हातानेच केलं. आवाज एकदम बंद झाला, जसा पाय मारल्यावर बंद होतो. हर्षाने डोळे उघडले.

"काय वो आई. झोपू दे ना."

"चहा ठेवून राहिली," मी म्हटलं. "उठ."

"मस्त उतार लागला होता," ती म्हणाली. तिचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "संपतच नव्हता."

५

सिंधुताई आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहतात, गोंदियाकडच्या. माझ्याहून मोठ्या. जिभेला हाड नाही, पण व्रतवैकल्यातलं त्यांना सगळं कळतं. नवं धान आलं होतं, त्या आपला दोरा सोडून माझ्याकडे आल्या.

"कमलिनी, तुझा दोरा सोडला नाही काय वो अजून?"

"निवड होऊ द्या म्हटलं."

"पोरीच्या हातावर दिसते अर्धाच. बाकीचा खाऊन टाकला काय?"

मी त्यांना व्हरांड्यात नेलं, फ्रेमवरचा दोरा दाखवला. त्यांनी वाकून दोरा बघितला. मग पदर तोंडाशी धरला.

"बाई माझी. हा माणसाचा दोरा होय. लोखंडाले कावून बांधला?"

"प्लांटमध्ये नाही बांधत काय? क्रेनले, लेथले?"

"तो अलग वो. तो यंत्रापुरता राहते. हा तू एकाच सुताचा दोघाले बांधला." मग त्या हसल्या, मला बरं वाटावं म्हणून. "सोडून टाक. धान आलं, आता कोणी बोलणार नाही. निवडीले पोरगी आपल्या दमावर जाईल."

मला पटलं. निवडीला दोनच दिवस होते. मी ठरवलं की संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी रीतसर सोडायचा, नव्या तांदळाची खीर करायची. चांगल्या गोष्टीचा शेवटही चांगला करावा.

संध्याकाळी हर्षा रोलरवर होती. रोलर म्हणजे तीन फिरती नळकांडी. सायकल त्यांच्यावर ठेवून जागच्या जागी पळवतात. व्हरांड्यात नुसता घूं घूं आवाज भरला होता. घामाने तिची पाठ चमकत होती, मान खाली, पाय असे फिरत होते की दोन पाय आहेत हे कळू नये. मी निरांजन घेऊन तिथे उभी राहिले. आपली पोर इतकी सुंदर दिसते हे बघून जीव भरून आला.

"थांबू काय आई?"

"नको. चालू दे. मी दोरा सोडून घेते." तिच्या मनगटावरचा नंतर सोडू म्हटलं. मी सीटखाली हात घातला आणि फ्रेमवरची पहिली गाठ नखाने सैल केली.

खाडकन चेन उतरली. हर्षाचा डावा पाय पेडलवरून हवेत सुटला आणि पेडलपर्यंत पोचेना. बोटभर अंतर राहिलं. मी डोळ्यांनी बघितलं. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, वेदना नव्हती. नुसतं एक विचारणं होतं. गिअर मध्येच लटकतो तेव्हा चेनचं जसं होतं, ना या चकतीवर ना त्या, तसं काहीतरी तिच्या डोळ्यांत.

"आई," ती म्हणाली. "सैल झालं."

आणि ती टकटक सुरू झाली, सावकाश होत जाणारी.

मी गाठ परत मारायला खाली वाकले. दोरा थोडा सरकला होता. जिथे तो इतके दिवस बांधलेला होता तिथली फ्रेम उघडी पडली. निरांजनाचा उजेड पुरेसा होता. बांगडी काढल्यावर मनगटावर जशी एक फिकट पट्टी राहते, तशी तिथे पट्टी होती. लाल रंग नव्हता. गव्हाळ होतं. त्यावर बारीक लव होती, आणि माझं गार बोट लागलं तेव्हा त्या लवेवर शहारा आला.

मी दोरा जागेवर ओढला आणि गाठ मारली. एकावर एक, जितक्या बसतील तितक्या मारल्या. टकटक थांबली. हर्षाचा पाय पेडलला लागला. तिने एक लांब श्वास घेतला, चेन बोटाने चढवली आणि पेडल मारायला लागली.

"काय झालं होतं वो?" तिने विचारलं.

"काही नाही. नीट बसला नव्हता."

तिच्या मनगटावरचा दोरा उचलून खाली काय आहे ते मी बघितलं नाही. आजपर्यंत नाही.

६

अहिवाऱ्याच्या रस्त्यावर त्या दिवशी धूळ होती. खाणीकडचे ट्रक थांबवलेले, दोन्ही बाजूंना माणसं. हे सुट्टी टाकून आले होते. सिंधुताई डब्यात खीर घेऊन आल्या होत्या.

"सोडला ना वो?" त्यांनी कानाशी विचारलं.

"हव," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण घट्ट केलं.

लांबून मुलींचा घोळका आला आणि त्याच्या पुढे एकटी माझी. मी कितीतरी वेळा तिला येताना बघितलं आहे, पण असं नाही. बाकीच्या मुली सायकलवर बसल्या होत्या. हर्षा बसलेली नव्हती. कुठे पोरगी संपते आणि कुठे सायकल लागते हे बघायला मी डोळे ताणले आणि मला ते सापडलं नाही. माणसं ओरडत होती. मी ओरडले नाही, हात जोडले. आमच्या समोरून ती गेली तेव्हा वारा लागला, आणि आवाज अजिबात झाला नाही.

ती सगळ्यांच्या आधी पोचली, इतकी आधी की लोक घड्याळं बघायला लागले. रेघ ओलांडून ती थांबली नाही. पुढे गेली, वळली, परत आली, आमच्याभोवती फिरत राहिली, मंद, हसत.

"उतर ना बाप्पा आता," हे म्हणाले. डोळे पुसत होते. "लोक पाहून राहिले."

"हव बाबा, उतरते." शेवटी ती उतरली, माझ्या पाया पडायला वाकली. वाकली तेव्हा तिचा एक पाय जमिनीवर होता, आणि दुसरा तिच्यामागे हवेत हळूहळू गोल फिरत होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तिला उठवून मिठीत घेतलं. ती उन्हातल्या लोखंडासारखी गरम होती, आणि माझी होती.

तिची राज्याच्या संघात निवड झाली. पेपरात फोटो आला, तो मी देवापाशी लावला आहे. शाळेतल्या त्या पोरींपैकी एक आता आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन सायकल कशी बांधायची ते विचारायला येते. हर्षा तिला शिकवते, मनापासून. कुणाचं मन तिने दुखवलेलं मला आठवत नाही. हे चालतात तेव्हा कॉलनीत लोक म्हणतात, हर्षाचे बाबा. मला याहून काय पाहिजे?

आम्ही घरी जमवून घेतलं आहे. ती बसते तेव्हा पाय हलवत बसते. जेवताना, टीव्ही बघताना. दुपारी झोपली की मी उशाशी माझी पोथी घेऊन बसते, आणि आवाज सावकाश झाला की तिचा पाय एकदा फिरवून देते. अर्धी रात्र हे उठतात, अर्धी मी. ह्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. एक दिवस तेच पायाशी येऊन बसले. अवघड काही नाही. पाळण्यातलं लेकरू हलवण्यासारखं आहे.

पण आता ती शिबिराला चालली आहे, लांब, आणि तिथून पुढे आणखी लांब. मी तिच्याबरोबर किती दिवस राहणार? माझ्या हाताची गाठ माझ्या हातापुरती. आमच्यात बाई गेली की तिचं व्रत तिची सून किंवा बहीण उचलते. मला ना सून, ना बहीण. हर्षाला मी विचारलं होतं, पोरी, सोडायचा का कायमचा, हळूहळू, काळजी घेऊन? ती म्हणाली, "आई, मले चालताना ते लोक कसे पाहत होते ते तुले आठवते ना? आता मले असंच राहू दे." मग मी तिला परत विचारलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, माझी गाठ कधी सुटली तरी तुमची तिला धरून राहील. येत्या महालक्ष्म्यांना तुम्हीही एक दोरा घ्या. हळदीत भिजवलेला, साध्या सुताचा. तुमच्या घरी लोखंडाची काहीही वस्तू असेल, शिलाईची मशीन असेल, खिडकीचा गज असेल, चालेल. अर्धा त्या वस्तूला बांधा, अर्धा आपल्या हाताला. गाठ मारताना हर्षा शालिकराम लांजेवार असं पूर्ण नाव घ्या, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. घाबरायचं काही नाही, मनगटाला नुसती थोडी ऊब लागते. आणि नवं धान घरात आलं, शेजारणींनी आपापले दोरे सोडले, कुणी काही म्हटलं, तरी तुम्ही तुमचा सोडू नका.